स्वस्त विमान रद्द झालं किंवा लेट झालं, तर भरपाई कशी मागायची?

विमान रद्द झालं की मोबाईलवर मेसेज येतो आणि त्याखाली दोन पर्याय असतात: रिफंड घ्या किंवा दुसऱ्या विमानाने जा. भरपाईचा पर्याय तिथे सहसा नसतो, ती मागून घ्यावी लागते. रिफंड म्हणजे न झालेल्या प्रवासाचे आपलेच पैसे परत. भरपाई त्याहून वेगळी, म्हणून रिफंड मिळाला की विषय संपला असं समजू नका.

कोणता नियम लागू होतो हे प्रवाशाच्या पासपोर्टवर ठरत नाही. युरोपीय संघातल्या विमानतळावरून उडणारं कुठल्याही कंपनीचं विमान आणि बाहेरून संघात येणारं संघातल्याच कंपनीचं विमान, या दोन्हींना २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागतो. रक्कम अंतरावर ठरते: १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, ३,५०० पर्यंत ४०० आणि त्यापुढे ६००. संघातल्या संघात १,५०० किलोमीटरच्या पुढे अंतर कितीही असलं तरी ४०० च. तिकीट किती स्वस्त होतं याचा इथे काहीच संबंध नाही. २० युरोच्या तिकिटावर २५० युरो मिळू शकतात, त्यामुळे बजेट कंपन्यांना हा नियम का खुपतो ते वेगळं सांगायला नको.

रद्द झाल्याची सूचना १४ दिवसांपेक्षा कमी मुदतीत मिळाली, तर भरपाई मागता येते. मात्र कंपनीने मूळ वेळेच्या जवळपासचं दुसरं विमान दिलं असेल, तर भरपाई मिळेलच असं नाही. उशिरासाठी मर्यादा तीन तासांची. हे तीन तास पोहोचण्याच्या वेळेवर मोजायचे, निघण्याच्या नाही. आणि पोहोचणं म्हणजे चाकं धावपट्टीला टेकणं नव्हे. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं की विमानाचं दार उघडतं तो क्षण धरायचा. समजा, विमान २ तास ५५ मिनिटं उशिरा उतरलं, मग जागेवर जाऊन दार उघडेपर्यंत आणखी १० मिनिटं गेली. म्हणजे तुम्ही पात्र आहात. दार उघडताच मोबाईलमधल्या घड्याळाचा स्क्रीनशॉट घ्या. अर्ज बऱ्याचदा याच मिनिटांवर अडतो.

वादळ, हवाई नियंत्रकांचा संप, सुरक्षेचा धोका अशा कारणांना भरपाई नाही. ‘तांत्रिक बिघाड’ मात्र सहसा या यादीत बसत नाही, कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संपही नाही. नकाराच्या उत्तरात ‘असाधारण परिस्थिती’ एवढेच दोन शब्द असतील, तर नेमकं काय घडलं ते लेखी विचारा. शिवाय भरपाई नसली तरी जेवणखाण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल, ही जबाबदारी सुटत नाही. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं ठप्प झाली होती. त्या वेळच्या रायनएअर या बजेट कंपनीच्या खटल्यातही न्यायालयाने २०१३ मध्ये हेच सांगितलं. कंपनीने सोय केली नाही आणि खर्च स्वतः केला, तर पावत्या जपा आणि खर्च माफक ठेवा.

अर्ज आधी कंपनीच्या संकेतस्थळावरच्या फॉर्मवर, थेट. जवळ हवं ते असं: बुकिंग क्रमांक, सगळ्या प्रवाशांची तिकिटावरची नावं, बोर्डिंग पास, कंपनीचे मेसेज आणि ईमेल, बँक खात्याचा तपशील. मजकूर लांबवू नका: ‘अमुक तारखेचं अमुक क्रमांकाचं विमान ३ तास ५ मिनिटं उशिरा पोहोचलं. नियम २६१ नुसार प्रत्येक प्रवाशामागे २५० युरो खात्यात जमा करावेत.’ व्हाउचर पुढे केलं तर नाही म्हणता येतं. तुमच्या लेखी संमतीशिवाय ते गळ्यात मारता येत नाही. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर संबंधित युरोपीय देशाच्या विमान प्रवासी तक्रार यंत्रणेकडे किंवा लघुवाद न्यायालयात जाता येतं. भरपाई काढून देणाऱ्या खासगी एजन्सी मिळालेल्या रकमेतला मोठा वाटा कापतात, त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी जा.

एक खाच लक्षात ठेवा. दोन स्वस्त तिकिटं वेगवेगळी काढून प्रवास जोडला असेल आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं, तर चुकलेल्या विमानाची जबाबदारी कुणीच घेत नाही. एकाच बुकिंगवर असाल, तर शेवटच्या मुक्कामावरचा उशीर धरतात.

भारतातले नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, आणि हात बराच आखडता. २४ तास आधीही न कळवता विमान रद्द केलं, तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातली जी रक्कम कमी असेल ती. स्वस्त तिकिटावर हात कुठे पोहोचेल ते ओघानं आलंच. नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड मागता येतो. कंपनीने दाद दिली नाही तर तक्रार केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर करायची. बुकिंगमध्ये प्रवाशाचा पुरेसा संपर्क तपशील नसेल, तर या नियमांत भरपाई मिळत नाही. तिकीट एजंटाकडून काढलं असेल, तर बुकिंग उघडून त्यात नंबर तुमचा आहे की त्याचा, ते आजच बघून घ्या.