येरवड्यातल्या महिला बंदीला पॅड, पाणी, शौचालय मिळत नसेल तर अर्ज कुठे करायचा?

तुमची बहीण, सून किंवा आई येरवडा महिला कारागृहात आहे आणि मुलाखतीत ती सांगते की पॅड पुरत नाहीत, पाणी वेळेवर येत नाही. अशा वेळी गयावया करू नका, लेखी मागा. केंद्राच्या 2016च्या आदर्श कारागृह नियमावलीनुसार महिला बंदींना गरजेप्रमाणे निर्जंतुक सॅनिटरी पॅड द्यायचे असतात, माणशी रोज सुमारे 135 लिटर पाणी, दिवसा सहा जणींमागे आणि रात्री दहा जणींमागे एक शौचालय. तुरुंग राज्याच्या अखत्यारीत येत असल्याने ही नियमावली मार्गदर्शक आहे, तरी अर्जात तिचा उल्लेख जरूर करा. कच्ची कैद असो की शिक्षा झालेली, गरज तीच.

पहिला अर्ज कारागृह अधीक्षकांना. बंदी स्वतः लिहू शकते, नातेवाईकही. साध्या कागदावर तिचं पूर्ण नाव, माहीत असल्यास बंदी क्रमांक, खटल्याचा क्रमांक, तुमचं नातं आणि नेमकी अडचण लिहा. ‘स्वच्छता नाही’ एवढ्याने काम होत नाही. कोणती बरॅक, कधीपासून, काय कमी पडतं हे हवं. तुमच्या ओळखपत्राची प्रत जोडा. जंतुसंसर्ग झाला असेल आणि उपचाराचे कागद हाती असतील तर तेही. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्याच, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तीच विचारतात. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

दाद लागली नाही तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि कोठडीतल्या व्यक्तींना 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये खेटे घालू नका. हेल्पलाइन 15100. तारखेला हजर केल्यावर, व्हिडिओवरूनसुद्धा, ती थेट न्यायाधीशांना सांगू शकते. अनेक जणींना हे कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून पुढच्या मुलाखतीत आठवणीने सांगा.

शौचालयं किती, बंदी किती, महिन्याला पॅड किती वाटले, हे माहिती अधिकारात विचारता येतं. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, साधारण 150 शब्दांत.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला शुल्क नाही, मात्र ती घटनेपासून वर्षाच्या आत करावी लागते.