बौद्धिक दिव्यांग व्यक्तीची नोकरी गेली तर: कुठले कागद घ्यायचे, कुठे अर्ज करायचा

माझ्या भावाची पॅकिंगची नोकरी गेली तेव्हा सुपरवायझरने त्याच्यापुढे एक कागद ठेवला आणि त्याने हजेरीवर करतो तशी सही करून टाकली, तो राजीनामा होता हे आम्हाला संध्याकाळी कळलं. म्हणून आधी हेच सांगते, घरचं कुणी सोबत नसेल तर सही करायची नाही, हे त्याला नोकरी चालू असतानाच पक्कं शिकवून ठेवा.

नोकरी सुटली की लगेच अनुभवाचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा मागून घ्या. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख टाकलीय का तेही बघा, नाहीतर पैसे काढताना अडतं. ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, पगारातून कापला जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत जास्तीत जास्त 90 दिवसांचा भत्ता मिळू शकतो, आधार आणि बँक पासबुक घेऊन शाखा कार्यालयात जा आणि योजना अजून चालू आहे का, त्याची वर्गणी अटीत बसते का ते विचारा.

पुढच्या नोकरीसाठी मुख्य कागद म्हणजे यूडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. त्यासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, आधार, फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्त्याचा पुरावा लागतो, मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी होते. घरात 'मतिमंद' लिहिलेला जुना दाखला असेल तर तो शब्द बघून फेकून देऊ नका, जपून ठेवा. दिव्यांगत्व किमान 40 टक्के असेल तर सरकारी नोकरीत राखीव जागा मिळते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 4 टक्के आरक्षण आहे, त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, बहुदिव्यांग अशा सगळ्यांत मिळून. फारच थोडं आहे, पण हक्काचं आहे, सोडू नका.

महाराष्ट्रात असाल तर महास्वयम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर नाव नोंदवा. खाजगी कंपनीत 20 किंवा जास्त कामगार असतील तर तिथलं समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांग कामगारांसाठी काय सोयी करणार याचा लेखी कागद, बघायला मागा, ते ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. दिव्यांग म्हणून भेदभाव झाला तर तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येते.

एक गोष्ट खूप घरांत राहून जाते, मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, गरज असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो.

आणि अनुभवाच्या पत्रात नुसतं 'हेल्पर' लिहून घेऊ नका. भावाच्या पत्रात आम्ही लिहून घेतलं, 12 खणांचा ट्रे दिला की बाटल्या मोजायला चुकत नाही, दिवसाचं काम सकाळी एकदा करून दाखवावं लागतं. नव्या ठिकाणी मुलाखतीत त्यांनी तेवढंच वाचलं आणि ट्रे आणायला सांगितला.