विम हा मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्रॅम वापरणारे माउसला हात का लावत नाहीत?

‘टायपिंगचा वेग जास्त, म्हणून ते माउस टाळतात,’ हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. पडद्यावर डोळ्यांना दिसणाऱ्या जागी पोहोचायला माउस बहुतेकदा पुरेसा झटपट असतो. विममध्येही तो चालतो.

खरं कारण आहे अक्षरांच्या बटणांवरून दिलेल्या आज्ञांची जोडणी. ‘डी’ म्हणजे पुसा, ‘सी’ म्हणजे बदला, ‘वाय’ म्हणजे कॉपी करा. त्यापुढे कशावर, ते सांगायचं: ‘डब्ल्यू’ म्हणजे शब्द, ‘आय-पी’ म्हणजे सगळा परिच्छेद. क्रियापद आणि कर्म जोडून वाक्य करावं तसंच हे. दहा क्रिया आणि दहा कर्मं शिकलात की जवळपास शंभर आज्ञा हाती येतात, त्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

याहून मोलाचं बटण म्हणजे टिंब. ते शेवटचा बदल जसाच्या तसा पुन्हा करतं. शब्द शोधा, ‘सी-डब्ल्यू’ने बदला, एस्केप दाबा, मग ‘एन’ने पुढच्या ठिकाणी जा, बदलायचं असेल तर टिंब, नसेल तर पुन्हा ‘एन’. निर्णय प्रत्येक वेळी तुमचाच, हाताचे कष्ट मात्र एकदाच. माउसने केलेली निवड अशी ‘पुन्हा कर’ म्हणून सांगता येत नाही, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

आज्ञा एकाक्षरी का, याचं उत्तर इतिहासात आहे. बिल जॉय यांनी 1976च्या सुमारास बर्कली विद्यापीठात ‘व्हीआय’ हा विमचा पूर्वज लिहिला तो 300 बॉडच्या, म्हणजे अतिशय मंद, मोडेमवर. पडदा इतका सावकाश रंगायचा की लांब आज्ञा परवडत नसे.