रीमॅन्युफॅक्चर्ड कंट्रोल व्हॉल्व्ह: हा धंदा आला कुठून?

अमेरिकेत आजकाल एखाद्या प्लांटला कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपमधला प्रवाह सिग्नलप्रमाणे आपोआप कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह, घ्यायचा असला की परचेसवाल्याच्या टेबलावर हमखास दोन कोटेशन येतात. एक कंपनीच्या नव्या व्हॉल्व्हचं, ज्यात डिलिव्हरी कित्येक आठवडे लांब, आणि दुसरं रीमॅन्युफॅक्चर्डचं, म्हणजे जुना खोलून नव्यासारखा केलेल्याचं, तोच मेक तोच मॉडेल, बऱ्यापैकी स्वस्त आणि आठ-दहा दिवसांत गेटवर. आपल्याकडच्या माणसाची पहिली प्रतिक्रिया म्हणजे "अरे भंगारच ना ते, रंग मारून देतात". ही शंका काही अगदीच बिनबुडाची नाही, त्याचं कारण पुढे येईलच, पण हा बाजार नुसत्या रंगावर इतकी वर्षं टिकला नसता. तो उभा राहिला कसा हे बघायचं तर सुरुवात व्हॉल्व्हच्या बनावटीपासूनच करावी लागते.

१८८० साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मार्शलटाऊन नावाच्या गावी विल्यम फिशरने कंपनी काढली. माल होता वाफेवर चालणाऱ्या पंपाचा गव्हर्नर, म्हणजे पाण्याचं प्रेशर कायम ठेवायला वाफ आपोआप कमीजास्त करणारं यंत्र. गोष्ट अशी सांगतात की गावात मोठी आग लागली आणि फिशरला रात्रभर पंपापाशी उभं राहून हाताने वाफ कमीजास्त करावी लागली, त्यातून त्याला ही कल्पना सुचली. १८८२ मध्ये बॉस्टनला मेसन रेग्युलेटर कंपनी सुरू झाली, तिचंच पुढे मॅसोनीलान झालं. आजही कुठल्याही जुन्या रिफायनरीत फेरी मारली तर या दोन नावांचे व्हॉल्व्ह सगळीकडे दिसतात, आणि सेकंडहँडच्या बाजारातही सगळ्यात जास्त उलाढाल यांचीच. कारण सरळ आहे, जे जास्त विकलं गेलं तेच जास्त परत येणार.

आता नुसतं जुनं असून भागत नाही, जुना नग दुसऱ्याच्या लाइनीत बसला पाहिजे. इथे प्रमाणीकरण उपयोगी पडलं. १९४४ साली मॅसोनीलानने व्हॉल्व्हची क्षमता मोजायला सीव्ही हा आकडा आणला, म्हणजे १ पीएसआय प्रेशर ड्रॉपला मिनिटाला किती गॅलन पाणी जातं ते, आणि हळूहळू सगळ्या इंडस्ट्रीने तो उचलला. ३ ते १५ पीएसआयचा हवेचा सिग्नल सगळीकडे रुळला, फ्लँजचे, म्हणजे पाइपला बोल्टने जोडायच्या कड्यांचे, प्रेशरप्रमाणे क्लास ठरले, फ्लँजपासून फ्लँजपर्यंतची लांबीसुद्धा ठरली. व्हॉल्व्ह बंद असताना सीट, म्हणजे झडप टेकते ती आतली जागा, किती गळली तर चालेल याचे क्लास १९७६ च्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये आले, त्यातला क्लास फोर म्हणजे रेटेड कपॅसिटीच्या ०.०१ टक्के. हे सगळं काही सेकंडहँडवाल्यांसाठी केलेलं नव्हतं, पण फायदा त्यांनाही झाला, कारण लुइझियानातून काढलेला तीन इंची क्लास ३०० चा व्हॉल्व्ह आता ओहायोत पाइप न कापता बसवता येऊ लागला.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक मात्र ट्रिमने, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या बदलता येणाऱ्या भागांनी, पाडला. कंट्रोल व्हॉल्व्हची बॉडी म्हणजे जाडजूड कार्बन स्टीलचं कास्टिंग, सर्व्हिस फार वाईट नसेल तर ते सहज तीसचाळीस वर्षं जातं. झिजतो तो आतला ऐवज, प्लग (वरखाली होणारी झडप), सीट रिंग (ती टेकते ते कडं), स्टेम (प्लगचा दांडा), पॅकिंग (दांड्याभोवतीचं गळती रोखणारं भरण). जुन्या डिझाइनमध्ये सीट रिंग बॉडीत आट्यांनी फिरवून बसवलेली असायची आणि वीस वर्षं गरम तेल खाल्लेली रिंग फिरवून काढणं म्हणजे काय असतं हे ज्याने लांब टॉमी लावून, हीटिंग करून, शेवटी लेथवर घालून कातून काढली आहे त्यालाच माहीत. मग १९६० च्या दशकात केज-गाइडेड डिझाइन रुळलं, त्यात सीट रिंग आट्यांशिवाय नुसती बसते आणि वरून केज (प्लगभोवतीची भोकांची नळी) आणि बॉनेट (बॉडीचं वरचं झाकण) तिला दाबून धरतात. चार-आठ नट सोडले की सगळं वर उचलून घ्यायचं, नवीन किट टाकायचं, गॅस्केट बदलायचं, झालं. शिवाय त्याच बॉडीत वेगळ्या कॅरॅक्टरिस्टिकचा केज टाकला की व्हॉल्व्हचं वागणंच बदलतं, लिनिअरचा (जितका उघडेल तितक्याच प्रमाणात प्रवाह) इक्वल पर्सेंटेज (आधी हळू, मग झपाट्याने वाढणारा प्रवाह) होतो. कंपनीने हे प्लांटच्या मेंटेनन्ससाठी केलं, पण त्यामुळे बाहेरच्या माणसालाही जुनी बॉडी घेऊन गिऱ्हाइकाच्या डेटाशीटप्रमाणे व्हॉल्व्ह "बांधून" देणं जमायला लागलं. रीमॅन्युफॅक्चरिंगचा धंदा खऱ्या अर्थाने शक्य झाला तो इथे, पर्यावरण वगैरे शब्द फार नंतर चिकटले.

जुनं यंत्र उघडून नव्यासारखं करून विकायची सवय अमेरिकेला त्याच्या आधीपासूनच होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये युद्धापायी तिथे खासगी गाड्यांचं उत्पादन बंद झालं, मग आहे त्याच गाड्या चालवत राहायच्या तर इंजिन, स्टार्टर, जनरेटर रीबिल्ड करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. युद्ध संपलं तरी ते धंदे राहिले.

कंट्रोल व्हॉल्व्हला मात्र माल मिळाला तो १९८० च्या दशकात. जानेवारी १९८१ मध्ये रेगन सरकारने तेलाच्या किमतींवरचं नियंत्रण काढलं आणि छोट्या रिफायनऱ्यांना आधीच्या व्यवस्थेत मिळणारा आधारही गेला. त्यात तेलाची मागणी पडलेली, १९८६ मध्ये तर क्रूडचा भाव काही काळ १० डॉलरच्या आसपास आला. १९८१ ला अमेरिकेत चालवता येण्याजोग्या ३२४ रिफायनऱ्या होत्या, १९९० पर्यंत त्या २०५ वर आल्या. शंभरावर रिफायनऱ्या बंद म्हणजे किती व्हॉल्व्ह रिकामे झाले याचा अंदाज करा, मध्यम आकाराच्या रिफायनरीतसुद्धा कंट्रोल व्हॉल्व्ह शेकड्यांनी असतात. शिवाय बरेचसे प्रोजेक्ट मध्येच थांबलेले, त्यांचा माल खोक्यातून बाहेरही आला नव्हता. हे सगळं सरप्लस डीलरांकडे जमा झालं आणि ज्यांच्याकडे लेथ, टेस्ट बेंच आणि व्हॉल्व्ह ओळखणारी माणसं होती त्यांनी ते उघडून, नीट करून विकायला सुरुवात केली.

आणि मग अर्थातच लबाडी आली. १९८८ मध्ये अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने सगळ्या अणुवीज केंद्रांना एक सूचना काढली, विषय होता रीफर्बिश्ड केलेले सदोष व्हॉल्व्ह. नवीन म्हणून घेतलेला माल प्रत्यक्षात जुनाच, दुरुस्त करून पुढे सरकवलेला निघाला होता. कागदावर नवा, आतून वापरलेला. नंतरच्या काही वर्षांत बनावट नेमप्लेट, बनावट बोल्ट, बनावट ब्रेकर अशी प्रकरणं इतकी निघाली की संसदेच्या लेखापरीक्षण खात्याने १९९० मध्ये त्यावर वेगळा अहवाल दिला. "रंग मारून देतात" हा जो शेरा आपण मारतो त्याचं मूळ या काळात आहे, आणि तो त्या काळातल्या बऱ्याच डीलरांना अगदी शोभणारा होता.

धंदा सुधारला तो कोणाच्या सद्बुद्धीने नाही, कायद्याने. २३ ऑक्टोबर १९८९ ला टेक्सासमधल्या पासाडेनाला फिलिप्सच्या पॉलिथिलीन प्लांटमध्ये स्फोट झाला, २३ माणसं गेली. मेंटेनन्स चालू असताना एका बॉल व्हॉल्व्हच्या ॲक्च्युएटरच्या (हवेच्या जोरावर व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या भागाच्या) हवेच्या होज उलट्या जोडल्या गेल्या होत्या, म्हणजे पॅनेलवर स्विच बंदच्या जागी आणि व्हॉल्व्ह मात्र उघडा. त्या व्हॉल्व्हचा रीमॅन्युफॅक्चरिंगशी काही संबंध नव्हता, पण भोपाळ, पासाडेना या सगळ्यानंतर १९९२ मध्ये प्रोसेस सेफ्टीचा जो नियम आला त्यात प्लांटमधल्या प्रत्येक महत्त्वाच्या उपकरणाचा कागद ठेवणं आलं. मटेरियल कुठलं, टेस्ट काय केली, कोणी केली, स्पेअर योग्य आहे का. ज्या डीलरकडे हे कागद नव्हते त्याच्याकडून माल घ्यायला इंजिनिअर घाबरायला लागला. दुसरीकडे १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्तीनंतर पॅकिंगमधून होणाऱ्या गळतीचे नियम कडक झाले, १९९४ च्या केमिकल प्लांटच्या नियमात तर ५०० पीपीएमच्या (दहा लाखांत ५०० भाग) वर गळलं की लीक धरायचं. जुनं ॲस्बेस्टॉसचं पॅकिंग तसंही जाणारच होतं. त्यामुळे हजारो चांगल्या बॉड्या पॅकिंग आणि स्टेमसाठी उघडल्या गेल्या आणि रीबिल्ड शॉपना कायमचं काम मिळालं.

आज नीट शॉपमध्ये होतं काय, तर व्हॉल्व्ह पूर्ण खोलतात, शॉट ब्लास्ट करतात, बॉडीची भिंत जाडीला मोजतात, मटेरियल मशीनने तपासतात, गॅस्केटच्या जागा कातून घेतात, ट्रिम नवीन घालतात. मग हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याचं प्रेशर देऊन तपासणी, साध्या कार्बन स्टीलच्या क्लास ३०० बॉडीला ती ११२५ पीएसआयला होते, नव्या व्हॉल्व्हला जी होते तीच. त्यानंतर सीट लीक, मग स्ट्रोक (पूर्ण उघडबंद करून बघणं), पोझिशनर (सिग्नलप्रमाणे व्हॉल्व्ह नेमक्या जागी ठेवणारं यंत्र) कॅलिब्रेशन, नवीन टॅग. या टॅगवर ज्याने काम केलं त्याचं नाव हवं, मूळ कंपनीची प्लेट घासूनपुसून तशीच ठेवली असेल तर तिथेच थांबावं. ब्रिटिश स्टँडर्डने २००९ मध्ये रीमॅन्युफॅक्चरची व्याख्या करताना अट घातली की परफॉर्मन्स निदान मूळच्याइतका हवा आणि वॉरंटी नव्याइतकी किंवा जास्त. अमेरिकेत असं प्रोसेस स्टँडर्ड यायला २०१७ उजाडलं. तोपर्यंत नुसतं पॅकिंग बदलणाराही स्वतःला रीमॅन्युफॅक्चररच म्हणवत होता, आणि खरं सांगायचं तर काही अजूनही म्हणवतात, म्हणून टेस्ट रिपोर्ट मागायचाच.

मूळ कंपन्या आधी या सगळ्याकडे शत्रू म्हणूनच बघायच्या आणि भांडण मुख्यतः ट्रिमवरून. व्हॉल्व्ह एकदाच विकला जातो, स्पेअर वर्षानुवर्षं विकले जातात, बाहेरच्याने ड्रॉइंग उलट काढून प्लग बनवला की कंपनीचा तो पैसा जातो. कंपन्यांचं म्हणणं की प्लगचा कंटूर थोडा जरी चुकला तर सीव्ही बदलतो, यात तथ्य आहे. पुढे त्यांनाच कळलं की बाजार थांबत नाही, मग त्यांनी स्वतःची सर्व्हिस सेंटर उघडली, अधिकृत दुरुस्तीवाले नेमले, काहींनी स्वतःच जुने घेऊन फॅक्टरी पार्ट घालून विकायला सुरुवात केली.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. मुंबईत ट्रॉम्बे-माहुलला १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची आणि १९५५ मध्ये बर्मा शेलची रिफायनरी आली, आज त्या एचपीसीएल आणि बीपीसीएलच्या. परदेशी चलनाची टंचाई, स्पेअरला इम्पोर्ट लायसन्स, म्हणून दुरुस्ती घरातच. त्यामुळे लॅपिंग पेस्ट घेऊन सीट घासणं, ब्लू लावून मॅचिंग बघणं, सीटवर निळी रेघ सलग उमटली नाही तर परत घासणं, यात हात बसलेले फिटर इथे तयार झाले, पण जुना व्हॉल्व्ह वॉरंटीसकट विकणारा बाजार मात्र झाला नाही. दारूखान्यात जहाजांचे व्हॉल्व्ह मिळतात, पण ते जसे आहेत तसे, बघून घ्या. नवे व्हॉल्व्ह आता नाशिकला, रांजणगावला, केरळात इथेच बनतात, त्यामुळे स्वस्ताईचा फरकही अमेरिकेइतका राहत नाही.

आणि बाहेरून मागवायचा म्हटलं तर नियम आडवा येतो. आपल्या आयात धोरणात रीमॅन्युफॅक्चर्डला जुन्यातच मोजत आलेत, अमेरिकेच्या व्यापार अहवालांत त्याची तक्रार असतेच. रीकंडिशन्ड स्पेअर म्हणून आणायचा तर चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं की मूळ स्पेअरच्या किमान ८० टक्के आयुष्य शिल्लक आहे. ज्या व्हॉल्व्हची बॉडी जुनी आणि ट्रिम कोरी करकरीत, त्याचं शिल्लक आयुष्य टक्क्यात कसं काढायचं हे एकदा त्या इंजिनिअरलाच विचारायला हवं.

अमेरिकेतही घेणारे सगळीकडे घेत नाहीत. युटिलिटीचं पाणी, लो प्रेशर स्टीम, कंडेन्सेट, टँक फार्म, इथे बिनधास्त. ऑक्सिजन, क्लोरीन, एचटूएस (विषारी हायड्रोजन सल्फाइड) असलेला सावर गॅस, इथे मात्र बॉडीने आधी काय खाल्लंय हे माहीत नसलं तर जुन्या इंजिनिअरचं उत्तर अजूनही नाहीच असतं. ॲक्च्युएटर हवेने उघडणारा की हवेने बंद होणारा हेही ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहून घेतात, कारण फिशरचे ६५७ आणि ६६७ हे ॲक्च्युएटर बाहेरून घाईत सारखेच दिसतात आणि हवा गेल्यावर एकाने व्हॉल्व्ह उघडतो, दुसऱ्याने बंद होतो.