चार काड्या आणि दुसरं रेल्वे गेट

लॅपटॉपच्या कोपऱ्यात पंख्याच्या आकाराचं वायफायचं जे चिन्ह असतं, त्याच्यावर माझा जुना राग आहे. आपण त्याला विचारतो, "नेट आहे का?" आणि ते सांगतं, "राउटरचा आवाज मोठा येतोय." विचारलं एक, सांगितलं भलतंच. तरी सगळं गाव त्या काड्यांवर विश्वास ठेवून बसलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या शहापुरातून भाचीचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. "मामा, काड्या सगळ्या फुल्ल हैत बघा, पण एक पान उघडंना. सकाळी बरं असतंय. रात्री आठ वाजले की मेलं." नेटवाल्याचा माणूस येऊन राउटर बदलून गेला होता, फरक शून्य. शेजारच्या काकूंचं निदान होतं की पावसाने सिग्नल अडतो. आणि कुणीतरी राउटरला चिकटवायला सोनेरी रंगाचा एक स्टिकरही आणून दिला होता. त्याच्याकडे नंतर येतो.

"सकाळी बरं असतंय" हे ऐकून मी जेवण उरकलं आणि गाडी काढली. डॉक्टरांना "ताप फक्त संध्याकाळी येतो" म्हटल्यावर जसं वाटत असेल, तसं मला वाटलं.

आधी साध्या गोष्टी उरकून घेऊ, कारण निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. लॅपटॉपमधला रेडिओ मुळात चालू आहे का? एअरप्लेन मोड चुकून लागतो. वरच्या ओळीतल्या एखाद्या बटणावर विमानाचं किंवा टॉवरचं चित्र असतं, ते 'Fn' लिहिलेल्या बटणासोबत दाबलं गेलं की वायफाय बंद. जुन्या लॅपटॉपच्या कडेला तर चक्क सरकती कळ असायची. बॅगेत घालताना ती सरकली की झालं. माझ्या एका मित्राला दुकानात सांगितलं होतं, "कार्ड गेलंय, दीड हजार होतील." कळ सरकवल्यावर कार्ड परत आलं. वायफायचं नावच यादीत दिसत नसेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडाप्टरवर पिवळा त्रिकोण आहे का ते बघा. असेल तर ड्रायव्हरचा, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा घोळ. खाली बोट दाखवणारा छोटा बाण असेल तर कुणीतरी ते बंद करून ठेवलंय, उजवं बटण दाबून चालू करा.

जोडलं गेलंय पण "नो इंटरनेट" येतंय? मग पत्ता बघायचा. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाइप केलं की आकडे येतात. १९२.१६८ ने सुरू होत असतील तर राउटरने घर क्रमांक दिलाय. १६९.२५४ ने सुरू होत असतील तर राउटरने उत्तरच दिलं नाही आणि लॅपटॉपने स्वतःच काहीतरी नंबर लावून घेतलाय. त्या नंबराने जगात कुठे पत्र जात नाही. नेटवर्क 'फरगेट' करून पासवर्ड पुन्हा घाला, राउटर बंद करून चालू करा, बहुतेक वेळा जमतं. आणि भिंतीवरच्या फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर लॅपटॉपला हातच लावू नका. खांबावरून आलेली तार कुठेतरी तुटली आहे. आपल्याकडे आषाढात झाडाची फांदी आणि ती तार यांची गाठ पडतेच.

भाचीकडे यातलं काहीच नव्हतं. रेडिओ चालू, पत्ता बरोबर, दिवे हिरवे, काड्या पूर्ण. पण पान उघडेना.

या काड्या मोजतात तरी काय? राउटर साधारण १०० मिलिवॅट ताकदीने बोलतो, म्हणजे रात्रीच्या झिरो बल्बच्या मानानेही किरकोळ. लॅपटॉपमध्ये सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, तेव्हासुद्धा त्याच्या अँटेनापर्यंत या ताकदीचा जेमतेम एक कोटीवा भाग पोचलेला असतो. काड्या कमी होत जातात तसा तो शंभर कोटीव्या भागावर येतो आणि तरीही काम चालतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काकूंच्या निदानाचं मूळ छतावरच्या डिशमध्ये आहे. टीव्हीच्या डिशला पाऊस खरोखर नडतो, कारण तिथे लहरी ११-१२ गिगाहर्ट्झच्या असतात आणि ढगातून, कित्येक किलोमीटर पावसातून येतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, आणि घरातलं अंतर दहा पावलांचं. तिला पाऊस जवळपास दिसतच नाही. पावसात भिजलेली जांभ्या दगडाची दीड हात भिंत मात्र दिसते. पण भाचीच्या काड्या पूर्ण होत्या, त्यामुळे भिंतही सुटली.

मग मी फोनवरच्या वायफाय ॲनालायझरने आजूबाजूला कोण कोण बोलतंय ते पाहिलं. शहापुरातली ती गल्ली म्हणजे भिंतीला भिंत लागलेली घरं. अकरा राउटर दिसले, त्यातले आठ ६ नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एकाच पट्टीवर. रात्री आठला आठही घरांत मालिका, क्रिकेट आणि अभ्यास एकदम सुरू.

इथे मला थोडं सविस्तर सांगू द्या, कारण या गोष्टीवर माझा जीव आहे.

टिळकवाडीतलं दुसरं रेल्वे गेट डोळ्यांसमोर आणा. गाडी जाईपर्यंत फाटक बंद. दोन्ही बाजूंना स्कूटर, रिक्षा, टेम्पो रस्त्याची अख्खी रुंदी भरून उभे. फाटक वर जातं आणि सगळे एकदम पुढे घुसतात. समोरासमोर येऊन अडकतात. रस्ता मोकळा होता तोवर कुणी हलत नव्हतं, आणि मोकळा झाल्याबरोबर कुणालाच हलता येत नाही!

एका चॅनेलवर बोलणाऱ्या यंत्रांची अडचण हीच आहे. हवा एकच. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही फुकट. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्राम्सन यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. त्यांचा नियम साधा होता: मनात आलं की बोला, टक्कर झाली तर थोड्या वेळाने पुन्हा बोला. हे चाललं, पण हिशेब केल्यावर दिसलं की अशा गोंधळात रस्त्याचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच सत्कारणी लागतो. बाकी वेळ टकरीत किंवा मोकळा.

वायफायने दोन सुधारणा केल्या. पहिली, बोलण्याआधी ऐका. कुणी बोलत असेल तर थांबा. पण नुसतं एवढं केलं तर फाटकासारखंच होईल, सगळे थांबतील आणि शांतता झाली की एकदम घुसतील. म्हणून दुसरी सुधारणा, चिठ्ठ्या. हवा शांत झाली की आधी सगळ्यांनी २८ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) गप्प बसायचं. मग प्रत्येकाने मनातल्या मनात ० ते १५ मधला एक आकडा उचलायचा आणि ९ मायक्रोसेकंदाला एक याप्रमाणे उलटा मोजायचा. ज्याचा आकडा आधी शून्यावर आला तो बोलणार. मध्येच दुसरा बोलू लागला तर आपली मोजणी आहे तिथे गोठवायची आणि तो थांबल्यावर तिथूनच पुढे मोजायची. फाटकावर कुणी एवढा शहाणपणा करतं का, सांगा बघू.

आता गंमत. सोळा आकड्यांच्या चिठ्ठ्या आणि उचलणारे पाच जण, तर कुणातरी दोघांचा आकडा सारखा निघण्याची शक्यता किती? कागदावर मांडून बघा: सगळे वेगळे निघण्याची शक्यता म्हणजे १५/१६ गुणिले १४/१६ गुणिले १३/१६ गुणिले १२/१६. उत्तर जवळजवळ बरोबर निम्मं येतं. म्हणजे पाचच यंत्रं बोलायला उत्सुक असली तरी चिठ्ठ्यांच्या एका फेरीत टक्कर व्हायची शक्यता निम्मी. दोघांचा आकडा एकच, दोघं एकदम शून्यावर, दोघं एकदम बोलतात.

बरं, टक्कर झाली हे बोलणाऱ्याला कळत नाही. का? तो शंभर कोटीवा भाग आठवा. स्वतः १०० मिलिवॅटने ओरडत असताना दुसऱ्याचं इतकं बारीक बोलणं कसं ऐकू येणार? गळ्यात ढोल अडकवून बडवताना गल्लीच्या टोकाला कुणी खाकरलं तर कळतं का, तसं. म्हणून वायफायमध्ये पत्राला पोच लागते. समोरच्याने १० मायक्रोसेकंदांनी "पोचलं" असं कळवायचं. पोच आली नाही की समजायचं, टक्कर झाली. मग पुन्हा चिठ्ठी, पण या वेळी ० ते ३१ मधून. पुन्हा टक्कर, ० ते ६३. असं दुप्पट करत १०२३ पर्यंत. गर्दी जितकी जास्त तितका प्रत्येक जण आपण होऊन मागे सरकतो. वर कुणी पोलीस नाही, यादी नाही, टोकन नाही. फक्त चिठ्ठ्या. मला हे फार सुंदर वाटतं.

अर्थात यातही फट आहे. मागच्या परसातला लॅपटॉप आणि पुढच्या सोप्यातला फोन, मध्ये राउटर. दोघांना राउटर ऐकू येतो, पण एकमेकांचं काहीच ऐकू येत नाही. दोघंही कान देऊन ऐकतात, दोघांनाही शांतता वाटते, दोघं बोलतात आणि टक्कर राउटरच्या कानात होते. याला लपलेल्या केंद्राची अडचण म्हणतात. त्यावरही उपाय आहे: आधी छोटी परवानगी मागायची, राउटरने ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी द्यायची, मग बोलायचं. पण त्या परवानगीलाही वेळ लागतो, म्हणून छोट्या निरोपांसाठी तो वापरत नाहीत.

आणि उसाचा ट्रॅक्टर. हंगामात आपल्या रस्त्यांवर दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर पुढे असला की मागच्या गाडीचं इंजिन कितीही भारी असो, वेग ट्रॅक्टरचाच. हवेतही तसंच. १५०० बाइटचा एक निरोप सेकंदाला ५४ मेगाबिटच्या वेगाने पाव मिलिसेकंदाहून कमी वेळात जातो. तोच निरोप दोन भिंतींपलीकडचं जुनं यंत्र १ मेगाबिटने पाठवतं तेव्हा १२ मिलिसेकंद रस्ता अडतो. चिठ्ठ्या सगळ्यांना सारख्या, पण पाळी आली की हळू बोलणारा जास्त वेळ रस्ता अडवतो. भाचीच्या घरात हा ट्रॅक्टर सापडला: माळ्यावरच्या खोलीतला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप, त्यावर आजोबा कीर्तन ऐकत बसलेले.

चॅनेल बदलायचा तर कुठला घ्यायचा? भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १३ नंबर आहेत, पण शेजारच्या दोन नंबरांत अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ, आणि बोलणं पसरतं २०-२२ मेगाहर्ट्झवर. त्यामुळे एकमेकांना न लागणारे तीनच: १, ६ आणि ११. "६ वर गर्दी आहे ना, मग ४ घेतो" असं करू नका. एकाच नंबरावरचे राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि पाळी पाळतात. ४ वरून ६ चं बोलणं म्हणजे नुसती खरखर. अशा वेळी धड पाळी पाळली जात नाही आणि धड बोलताही येत नाही.

सगळ्यांचे राउटर ६ वर का जमले असावेत? बरेच राउटर चालू होताना एकदा कानोसा घेतात आणि मोकळा नंबर निवडतात. लाईट गेली आणि परत आली की गल्लीतले सगळे एकाच क्षणी जागे होतात, कानोसा घेतात, कुणीच बोलत नसतं, आणि सगळ्यांना एकच नंबर मोकळा वाटतो. आपल्याकडे पावसात लाईट किती वेळा जाते ते मी सांगायला नको.

आता तो स्टिकर. "घातक लहरी शोषून घेतो" असं त्यावर छापलेलं. लहरी खरंच शोषल्या असत्या तर वायफाय बंद पडलं असतं, म्हणजे तो स्टिकर काम करत नाही याचा पुरावा वायफायच देत होतं. आणि लहरी घातक कशा, तर अणू मोडतील ही भीती. पण अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं माप) लागतात. वायफायच्या एका फोटॉनजवळ, म्हणजे लहरीच्या सगळ्यात लहान पुडक्याजवळ, असतो एक लाखांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट. दहा लाख पट फरक आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो हे खरं, पण तिथे लोखंडी डब्यात कोंडलेले ८००-९०० वॅट असतात, आणि "पाणी याच लहरीला नाचतं" हेही खरं नव्हे. पाणी सर्वात जास्त शोषतं ते याच्या कितीतरी वरच्या लहरींना. त्या ओव्हनमधून गळणाऱ्या किरकोळ लहरी वायफायला मात्र नडतात. स्टिकर मी काढला नाही. आजीने हळद-कुंकू लावलं होतं.

राउटर लोखंडी कपाटावरून, देवघरामागून काढून सोप्याच्या उंच कोनाड्यात ठेवला. आजोबांच्या लॅपटॉपसाठी एक केबल टाकून दिली, म्हणजे ट्रॅक्टर दुसऱ्या रस्त्याने. भाचीचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या जाळ्यावर नेला. त्या लहरीची लांबी पाच-सहा सेंटिमीटर, ती भिंतीत लवकर दमते. लोकांना हा दोष वाटतो. भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीत मला तो गुण वाटतो, कारण शेजाऱ्यांचं बोलणं भिंतीतच विरतं. शिवाय तिथे न लागणारे नंबरही पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला तिचा फोन आला.

"मामा, काड्या दोनच दिसायलात की. काही बिघडलं काय?"

"सबमिशन गेलं का?"

"ते तर मघाशीच गेलं."