मॉलच्या फूड कोर्टात वाईट सर्व्हिस मिळाली तर तक्रार कुठं आणि कशी करायची: पात्रता, कागदपत्रं, अर्ज

श्रावणातला रविवार होता, आईला घेऊन मॉलमध्ये गेलतो. आता तांबडा-पांढरा ओरपणारं आपलं कोल्हापूर, पण श्रावण लागला की आमच्या आईच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. काउंटरवर दोन व्हेज रोल सांगितले, चाळीस मिनिटं थांबलो, दोनदा जाऊन नंबर विचारला तर पोरगं मोबाईलमधनं मान वर करंना, आणि शेवटी जे हातात आलं त्यातला एक रोल चिकनचा. आईनं घास घेतलेला. परत नेला तर म्हणतंय, "मग काढून खा की." मॅनेजर कुठाय तर सुट्टीवर. पैसे परत दे म्हटलं तर सिस्टीममध्ये ऑप्शनच नाही म्हणे.

मी तिथं कचाकचा भांडलो, लोकांनी माना वळवून बघितलं आणि परत आपापलं खायला लागले. बहिणीला फोन लावला, ती वकिलाच्या ऑफिसात टायपिंगला असते, ती पहिलं काय बोलली तर "दाद्या भांडण नंतर, आधी फोटो काढ, बिल घेतलंस काय?" बिल घेतलंच नव्हतं, हातात नुसतं टोकन. तर आता खाली जे लिहितोय ते बरंचसं तिनं शिकवलेलं.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, "पोरगं उद्धट बोललं" एवढ्यावर फार काही होत नाही. माझा सगळा राग त्या "काढून खा की" वर होता पण अर्जात त्याला एक ओळ मिळाली. अर्ज चालतो तो सेवेतल्या त्रुटीवर, म्हणजे सांगितलं एक दिलं दुसरं, चूक दाखवूनसुद्धा बदलून दिलं नाही, पैसे परत दिले नाहीत, बिल दिलं नाही. बिल न देणं ही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, ती वेगळी लिहायची.

कोण करू शकतं? ज्यानं पैसे भरले तो, आणि त्याच्या संमतीनं ज्यानं ते खाल्लं तोसुद्धा. म्हणजे यूपीआय माझ्या मोबाईलवरनं गेलं असलं तरी आईपण ग्राहकच. पुढं विकायला म्हणून माल घेतला असेल तर तुम्ही ग्राहक नाही, पण रोल कोण विकायला नेतंय. घटनेपासनं दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडं, म्हणजे ग्राहकांच्या कोर्टाकडं, अर्ज जायला पाहिजे. वकील लागत नाही, स्वतः उभं राहता येतं. आणि मॉल पुण्याचा असला, तुम्ही तिथं सुट्टीला गेलावता तरी राहता कोल्हापुरात म्हणून इथल्याच जिल्हा आयोगात अर्ज चालतो, नव्या कायद्यानं ही सोय लई भारी केलीय.

आता कागदपत्रं, इथंच सगळे गंडतात. बिल पाहिजेच, टोकन नव्हे. बिलावर वरती जे झगझगीत ब्रँडचं नाव असतं ते सोडा, खाली बारीक अक्षरात कंपनीचं किंवा मालकाचं नाव असतं, तक्रार त्याच्यावर करायची, कारण पाटीवरच्या नावाला नोटीस लागू होत नाही, ती परत येते. नाव नसंल तर जीएसटी नंबर बघा, महाराष्ट्रातला असंल तर २७ नं सुरू होतो, तो जीएसटीच्या साईटवर टाकला की खरं नाव निघतं. शिवाय एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी लायसन्स नंबर बिलावर असतो, तोही टिपून ठेवा, पुढं लागतो. बिल देतच नाहीत म्हटल्यावर यूपीआयचा स्क्रीनशॉट, टोकनचा फोटो, आणि "बिल मागितलं, दिलं नाही" असं त्याच दिवशी त्यांना पाठवलेला ईमेल. खाण्याचा फोटो टोकनसकट एकाच फ्रेममध्ये काढा, नाहीतर हा रोल आमचा नव्हेच म्हणायला मोकळे. टोकनची शाई महिन्याभरात उडते, झेरॉक्स काढून ठेवा.

बिल हातात आलंच तर सर्व्हिस चार्ज लावलाय काय तेवढं बघा. आपल्याकडं लोक जीएसटी समजून भरून टाकतात. जीएसटी सरकारचा, तो साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के, अडीच-अडीच असा दोन ओळीत दिसतो. सर्व्हिस चार्ज हॉटेलवाल्याचा, आणि तो आपोआप बिलात घालायचा नाही असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे निर्देश ४ जुलै २०२२ पासनं आहेत, दिल्ली हायकोर्टानं ते २८ मार्च २०२५ ला कायमही केलेत. काढा म्हणायचं, काढत नसतील तर ती वेगळी तक्रार. सेल्फ सर्व्हिसच्या काउंटरवर ट्रे स्वतः उचलून आणायचा आणि वर सर्व्हिस चार्ज, हे म्हंजे कायच्या काय.

पायऱ्या अशा की आधी त्या कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, तारीख, वेळ, टोकन नंबर, किती पैसे, काय पाहिजे आणि १५ दिवसांची मुदत. शिव्या नकोत, हा ईमेल उद्या पुरावा म्हणून लावायचाय. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५, मराठीत बोलता येतं, किंवा ८८००००१९१५ वर व्हॉट्सॲप. ते डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, देतात आणि तक्रार कंपनीकडं धाडतात. लक्षात घ्या हे कोर्ट नव्हे, ते कुणाला दंड करत नाहीत, पण मोठ्या ब्रँडच्या हेड ऑफिसात असल्या तक्रारींना उत्तर द्यायला माणूस बसवलेला असतो, काउंटरवरल्या पोराचं मग तिथं काय चालत नाही. शाकाहारीच्या जागी मांसाहारी, शिळं, केस-किडा असलं काही असंल तर त्याबरोबरच एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट ह्या तक्रारीच्या ॲपवरही टाका, तिथं तो १४ आकडी नंबर लागतो. पैसे परत मिळवून देणं हे त्यांचं काम नाही पण किचन तपासायचा अधिकार त्यांचाच.

एवढ्यानं नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असली की तिथंच, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य, इथं रक्कम म्हणजे तुम्ही मोजलेले पैसे, मागितलेली भरपाई नव्हे. ऑनलाईन भरायचं तर ई-जागृती पोर्टल, १ जानेवारी २०२५ पासनं सुरू झालंय, आधीचं ई-दाखिल आता विसरा. तक्रारअर्ज, तारखांचा तक्ता, प्रतिज्ञापत्र, आधार, पुरावे, सगळं पान नंबर घालून पीडीएफ. मागणीत मूळ पैसे, मनस्तापाची भरपाई, अर्जाचा खर्च, असं वेगवेगळं लिहा. चारशेच्या रोलसाठी पाच लाख मागू नका, बहीण म्हणते असले अर्ज बघून ऑफिसातलेच हसतात. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस आणि वर फार तर १५. आलाच नाही तर एकतर्फी चालतं. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, पण तारखा पडतातच, ती तयारी ठेवा. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील. आणि आपल्याकडं ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय म्हणून काहीजण थेट तिकडंच निघालेत, भावांनो, रोलसाठी तिकडं जायचं नसतं.

माझं हेल्पलाईनवरच मिटलं. अकराव्या दिवशी पैसे आले, सोबत इंग्रजीत एक सॉरीचा ईमेल, तो आईला वाचून दाखवला तर म्हणाली त्या पोराला कोण काय बोललं नाही ना, नोकरी जाईल बिचाऱ्याची. आता उरलंय ते फूड कोर्टाच्या रिचार्ज कार्डातलं १४० रुपये बॅलन्स. ते कार्ड रोलवाल्याचं नव्हे, मॉल चालवणाऱ्या कंपनीचं, त्यामुळं डॉकेट वेगळं, कालच टाकलंय.