पंप-ॲक्शन बंदूक : यांत्रिक बिघाड व तपासणी

पंप-ॲक्शन बंदूक : नळीखालची मूठ मागे ओढून रिकामे काडतूस बाहेर टाकणारी व पुढे सारून नवे आत घेणारी छर्ऱ्याची बंदूक. एकनळी-दुनळी बंदुकीत काडतूस हाताने थेट नळीत भरतात. पंप-ॲक्शनमध्ये ती नळीखालच्या मॅगझिनमध्ये (काडतुसे साठवण्याच्या नळकांड्यात) एकामागे एक राहतात. प्रचलित माप बाराबोअर, म्हणजे एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्यास त्यांतील एकीचा व्यास (सु. १८.५ मिमी.).

या यंत्रणेचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. ब्रिटनमध्ये अलेक्झांडर बेन याने १८५४ मध्ये सरकत्या यंत्रणेचे पेटंट घेतले व बहुतेक संदर्भग्रंथ तेथूनच आरंभ धरतात. अमेरिकेतील पहिले पेटंट १८६६ चे, विल्यम क्रुट्श याचे. प्रत्यक्ष विकली गेलेली पहिली यशस्वी बंदूक मात्र क्रिस्टोफर स्पेन्सर व सिल्व्हेस्टर रोपर यांची असून ती १८८० च्या दशकातील आहे. पुढे स्पेन्सरचे पेटंट-हक्क विकत घेणाऱ्या बॅनरमन यांनी विंचेस्टर कंपनीच्या १८९३ च्या बंदुकीवर पेटंटभंगाचा दावा लावला. बचाव पक्षाने युरोपातील जुनी पेटंटे पुढे आणली व दावा टिकला नाही. त्यामुळे कागदावरची कल्पना बेनची आणि चालती बंदूक स्पेन्सर-रोपर यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जॉन ब्राउनिंगने १८९३ च्या रचनेत सुधारणा करून सिद्ध केलेली १८९७ ची बंदूक व रेमिंग्टनची ८७० (१९५०) या नंतरच्या प्रमुख रचना होत.

बिघाड ओळखण्याची खूण एकच : काडतूस कुठे थांबले ते पाहावे. ते मॅगझिनमध्येच राहिले, तर नळकांड्याला पोचा, आत गंज किंवा स्प्रिंग मऊ पडलेली असते. दाबून ठेवल्याने स्प्रिंग मऊ पडते की वारंवार दबल्या-सुटल्याने, यावर कारागिरांत वाद आहे. पोलाद चांगले असेल तर दुसरे कारण अधिक संभवते. एका वेळी दोन काडतुसे सुटत असतील, तर त्यांना रोखणारी पट्टी झिजलेली असते. काडतूस बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) व उचलपट्टी (काडतूस नळीच्या रेषेत उचलणारी पट्टी) यांच्या मधे शिरले, तर मूठ मागेही जात नाही, पुढेही जात नाही. जुन्या ८७० मध्ये हा दोष ठळक होता. १९८० च्या दशकात उचलपट्टीला लवचिक जीभ दिल्यावर अशी अडकलेली बंदूक मोकळी करणे सोपे झाले.

रिकामे काडतूस नळीतच राहत असेल, तर आधी कक्ष (नळीचा काडतूस बसणारा मागचा भाग) पाहावा. कागदी काडतुसे पावसाळी ओल धरून फुगतात; गंजलेल्या वा खरखरीत कक्षात काडतुसाचे धातूचे बूड पकडून बसते. त्यानंतर एक्स्ट्रॅक्टरची (रिकामे काडतूस ओढून काढणाऱ्या भागाची) नखी पाहावी. तिच्याखाली जळक्या दारूचा कण बसला, तरी ती काडतुसाच्या काठावर नीट बसत नाही. मूठ अर्धवट ओढण्याची चूक मात्र या सर्वांहून अधिक आढळते. दुनळीची सवय असलेला हात मूठ जपून ओढतो. ती शेवटपर्यंत, जोराने ओढावी लागते. 'जाम झाली' म्हणून आणलेली बंदूक पुष्कळदा बिघडलेली नसतेच. घोडा (बार काढण्यासाठी आदळणारा भाग) चढलेला असताना मूठ कुलुपबंद राहते व चापाजवळची कळ दाबल्यावर सुटते.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. बार उशिरा होऊ शकतो. काडतुसाच्या बुडातील टोपीवर (ठिणगी पाडणाऱ्या भागावर) उथळ खड्डा दिसल्यास फायरिंग पिनच्या (टोपीवर आघात करणाऱ्या सुईच्या) मार्गात वाळलेले तेल किंवा घोड्याची दुबळी स्प्रिंग हे कारण मानावे. खड्डा खोल असेल, तर दोष काडतुसाचा. आवाज नेहमीसारखा न येता नुसते 'फुस्स' झाले, तर पुढचा बार कदापि काढू नये. दारू व छर्रे यांमधले बूच नळीत अडकलेले असू शकते आणि त्यावर दुसरा बार झाला की नळी फाटते. वीस बोअरचे काडतूस चुकून बाराबोअरमध्ये गेले, तर ते पुढे सरकून असाच अडथळा करते. म्हणूनच ती काडतुसे बहुधा पिवळ्या रंगाची असतात.

सोलापूरच्या कोरड्या हवेत गंजापेक्षा धुळीचा त्रास जास्त. काळ्या मातीची धूळ जाड तेलात कालवली गेली की बोल्टच्या खाचेत ग्रीससारखा काळा चिकटा जमतो. बोट फिरवले तर तो नखात भरतो, आणि मूठ निम्म्यावर जड लागते. येथे तेल जितके पातळ व कमी, तितके चांगले. निवडणुकीच्या काळात जमा केलेली बंदूक आठवडेच्या आठवडे न पुसता राहते. परत मिळाल्यावर मॅगझिनचे झाकण उघडून नळकांडे आतून पाहणे अगत्याचे. दारावरच्या पहारेकऱ्याची बंदूक वर्षानुवर्षे उडत नाही, तिलाही हेच लागू.

तपासणीपूर्वी मॅगझिन व कक्ष दोन्ही रिकामे आहेत, हे डोळ्यांनी व बोटानेही पाहावे आणि पुढची परीक्षा डमी (दारू नसलेल्या) काडतुसांवर करावी. मॅगझिन रिकामे झाले तरी कक्षात एक काडतूस राहते, आणि अपघात त्याच एकाने होतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार व्यवसाय म्हणून दुरुस्ती व चाचणी करण्यास परवाना लागतो. नळी आखूड करण्यासाठी स्वतंत्र परवाना आवश्यक आहे. सोलापूरजवळील नान्नज येथील माळढोक अभयारण्यात (स्थापना १९७९) पूर्वपरवानगीशिवाय शस्त्रासह प्रवेशच करता येत नाही. त्यामुळे दुरुस्त बंदूक त्या माळावर नेऊन बार काढून पाहणे हा गुन्हा ठरतो.